ओवा, हळद आणि चाळीस दिवसांची कोंबडी



या मांडवात मी श्रोता म्हणून अनेकदा बसलो आहे. संतसाहित्य, संयुक्त महाराष्ट्र, शेअर बाजार, हृदयविकार असे नाना विषय या व्यासपीठाने पाहिले. कोंबडीचं खाद्य बहुधा पहिल्यांदाच आलं. संयोजकांना मी विषय सांगितला तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली होती. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या तालुक्याचे पशुवैद्यक होते. त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर आजारी शेळी मांडीवर घेऊन रात्र काढलेली माणसं आज समोर बसली आहेत. त्यांच्या नावाने बोलायचं तर गोठ्यातलं आणि शेडमधलं बोलावं, असं मला वाटलं.

गेल्या काही वर्षांत खाद्याच्या दुकानात हिरव्या पानांचं चित्र असलेली पाकिटं आणि डबे फार दिसू लागले आहेत. हर्बल लिव्हर टॉनिक, हर्बल ग्रोथ प्रमोटर, हर्बल कोलीन. कुणी ओवा सांगतो, कुणी हळद, कुणी लसूण, कुणी आणखी काही. विकणारा सांगतो, अँटिबायोटिक बंद करा आणि हे सुरू करा. घेणारा विचारतो, याने खरंच फरक पडतो का? या प्रश्नाचं मला जमेल तेवढं प्रामाणिक उत्तर आज द्यायचं आहे. मी आयुष्यभर पशुआहार शिकवला. मला वनौषधींचा तिटकारा नाही आणि त्यांची भक्तीही नाही.

आधी पक्ष्याकडे बघू. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने एक सुंदर प्रयोग केला, तो २०१४ मध्ये छापून आला. १९५७ सालचा, १९७८ सालचा आणि २००५ सालचा असे तीन काळांतले ब्रॉयलर वाण त्यांनी एकाच वेळी, एकच खाद्य देऊन वाढवले. ५६व्या दिवशी १९५७च्या वाणाचं वजन भरलं ९०५ ग्रॅम, १९७८च्या वाणाचं १,८०८ ग्रॅम आणि २००५च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच आणि दिवसही तेच, त्यामुळे हा फरक निवडपैदाशीचा. आपल्याकडे पक्षी एवढा मोठा होऊ देत नाहीत. पस्तीस-चाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलोला लिफ्टिंग होतं, म्हणजे पक्षी विक्रीसाठी उचलतात. चाळीस ग्रॅमचं पिल्लू चाळीस दिवसांत पन्नास पटींनी वाढतं. बाजारात लोक म्हणतात, ‘इंजेक्शन देऊन फुगवतात’. तसं काही नसतं. हजारो पक्ष्यांना एकेक करून हॉर्मोनचं इंजेक्शन द्यायला माणसं कुठून आणायची? वाढ रक्तातच आहे.

या वाढीचा सगळा भार आतड्यावर पडतो. खाद्य चोचीतून शिरल्यापासून शेवटी बाहेर पडेपर्यंत जेमतेम चार-पाच तास लागतात. तेवढ्या वेळात मका आणि सोयापेंड पचवायची, शोषून घ्यायची, आणि तिथे राहणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंशी समझोताही करायचा. हा समझोता मोडला की आधी विष्ठा पातळ होते, मग खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, मग वजन अडतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही असतो. कॉक्सिडिया या परजीवीने आतड्याला जखम केली की त्याला वाढायला जागा मिळते, आणि आतड्याचं अस्तर सडवणारा नेक्रॉटिक एन्टरायटिस होतो. मरतूक दिसते ती थोड्या पक्ष्यांत. बाकीच्यांत आजार बाहेरून दिसत नाही, फक्त खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि शेतकऱ्याचा तोटा तिथेच होतो.

अँटिबायोटिक खाद्यात कसं शिरलं, ही गोष्ट फार सांगितली जात नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ली प्रयोगशाळा होती. तिचे संशोधन संचालक होते आपल्या आंध्रातले, भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. त्यांच्या कारकिर्दीत बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक शोधलं. १९४८च्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिल्लांना स्वस्तात बी-१२ जीवनसत्त्व कुठून देता येईल ते शोधत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला आंबवणाचा चोथा त्यांनी खाद्यात मिसळला. नाताळच्या दिवशी ज्यूक्सनी पिल्लं तोलली, आणि चोथा खाल्लेली पिल्लं सगळ्यांत जड भरली. नुसत्या बी-१२ने एवढी वाढ होणं शक्य नव्हतं. चोथ्यात ऑरिओमायसिनचा अंश राहिला होता. १९५१ मध्ये अमेरिकेने खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला परवानगी दिली. टनाला काही ग्रॅम पुरत असल्यामुळे ते स्वस्तही होतं.

आता यातली गंमत बघा. एवढ्याशा मात्रेने वाढ का होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आजही त्याबद्दल एकमत नाही. ‘जिवाणू मरतात म्हणून’ हे सोपं उत्तर झालं. थिओ निवोल्ड या संशोधकाने २००७ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते ही औषधं जिवाणूंवर कमी आणि पक्ष्याच्या आतड्यातल्या दाहावर जास्त काम करत असावीत. दाह कमी झाला की भूक टिकते, आणि दाहावर खर्च होणारी ऊर्जा मांसाकडे वळते. ही मांडणी पुढे लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा. ती बरोबर असेल, तर अँटिबायोटिकची जागा घ्यायला दुसरा जिवाणूनाशक शोधण्याची गरजच उरत नाही.

या स्वस्ताईचं बिल आलं ते दवाखान्यात. युरोपात अव्होपार्सिन हे खाद्यातलं औषध आणि माणसाच्या गंभीर संसर्गात वापरलं जाणारं व्हॅन्कोमायसिन एकाच घराण्यातली. फार्मवर एकाला सरावलेला जिवाणू इस्पितळात दुसऱ्यालाही दाद देईना. स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठीची अँटिबायोटिक बंद केली होती. डेन्मार्कने १९९५ मध्ये अव्होपार्सिन थांबवलं आणि १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात वाढीसाठीची अँटिबायोटिक बंद झाली. चीनमध्ये २०१५ मध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडलं. कॉलिस्टिनला, म्हणजे डॉक्टरांच्या हातात उरलेल्या शेवटच्या काही औषधांपैकी एकाला, निष्प्रभ करणारं हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज उडी मारतं. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यजन्य प्राण्यांसाठी कॉलिस्टिनवर बंदी घातली. त्याआधी २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने राजधानी परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले होते. ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले.

डेन्मार्कचा अनुभव मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. तिथल्या ब्रॉयलर उत्पादकांनी कायद्याची वाट न बघता १९९८ मध्ये स्वतःहून ही औषधं थांबवली. कोंबड्या पटापटा मरतील अशी भीती होती. मरतूक वाढली नाही. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनासाठी लागणारं खाद्य, अगदी थोडा बिघडला, आणि औषधाचा खर्च वाचल्यामुळे तो तोटा बराचसा भरून निघाला. मात्र यासाठी शेड चांगली लागते. नेदरलँडमध्ये वाढीची औषधं बंद झाली तेव्हा उपचाराच्या नावाखाली वापर वाढला. मग सरकारला लक्ष्यं ठरवून तो खाली आणावा लागला. बंदी घातली की प्रश्न मिटतो, असं समजणाऱ्यांनी नेदरलँड आठवावं.

अँटिबायोटिक काढल्यावर राहिलेल्या जागेत वनस्पती आल्या. आता त्यांच्याकडे येऊ.

ओव्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला आवडतो. युरोपात या क्षेत्राची सुरुवात ओरेगानो आणि थाइम या दोन झुडपांनी झाली. पिझ्झाबरोबर पुडी येते तो ओरेगानो. त्यांच्या तेलातले मुख्य घटक म्हणजे कार्वाक्रॉल आणि थायमॉल. आपल्या ओव्याच्या तेलातही निम्म्याच्या आसपास थायमॉलच असतो, आणि कुंडीत लावतो त्या पानओव्यातही कार्वाक्रॉल आणि थायमॉल हीच जोडी आहे. तेव्हा भूमध्य समुद्राकडून आणलेल्या महागड्या तेलाचं काम फोडणीच्या डब्यातला ओवा करू शकेल का, असा विचार मनात येणारच. तत्त्वतः करू शकेल. हिशेब मांडून बघू. ओव्याच्या बियांत साधारण २ ते ४ टक्के तेल असतं. म्हणजे एक किलो ओव्यातून सुमारे १० ते २० ग्रॅम थायमॉल. टनभर खाद्यात १०० ग्रॅम थायमॉल हवा असेल तर पाच ते दहा किलो ओवा लागेल. गावाकडे कुणी टनाला मूठभर ओवा टाकतो आणि ‘फरक पडला’ म्हणतो, त्याला मी एवढंच म्हणेन की वास छान आला असेल.

पुढची अडचण याहून मोठी आहे. थायमॉल जिवाणूंच्या आवरणात घुसून ते झिरपतं करतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे. पण काचेच्या नळीत ई-कोलायला रोखायला लिटरला काही शे मिलिग्रॅम थायमॉल लागतो, आणि खाद्यात आपण किलोला शंभरेक मिलिग्रॅम घालतो. त्यातला बराचसा आतड्याच्या वरच्या भागातच शोषला जातो. क्लॉस्ट्रिडियम राहतो तिथपर्यंत फार थोडा पोचतो. त्याआधी गोळी खाद्य करताना ७५-८५ अंशांची वाफ लागते, तिथेही काही तेल उडून जातं. म्हणून चांगल्या कंपन्या तेलाचे कण चरबीच्या आवरणात बंद करतात, ते खालच्या आतड्यात उघडतात. आणि एवढं करूनही काही प्रयोगांत फायदा दिसतो तर काहींत अजिबात दिसत नाही. फायदा जिथे दिसतो तिथे तो जिवाणू मारल्यामुळे होत असेल, असं मात्रेच्या हिशेबात बसत नाही. पाचक रस वाढणं, आतड्याचा दाह कमी होणं, भूक टिकणं, या वाटेने तो होत असावा. निवोल्डची मांडणी इथे आठवावी.

हळदीचं काम मला अधिक ठोस वाटतं. हे मी सांगली जिल्ह्यात बोलतो आहे म्हणून नव्हे. हळदीतल्या करक्युमिनबद्दल नेहमी एक तक्रार असते, ते आतड्यातून रक्तात फार कमी शिरतं. माणसाच्या सांध्यासाठी हळद विकणाऱ्यांना ही अडचण होते. ब्रॉयलरच्या आतड्याला औषध द्यायचं असेल तर ते आतड्यातच राहिलं हे बरंच झालं. पण हळदीचा सगळ्यांत स्पष्ट उपयोग वेगळ्याच ठिकाणी दिसला आहे, अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत.

अफ्लाटॉक्सिनचा शोधही कुक्कुटपालनातूनच लागला. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्कीची पिल्लं पटापट मेली. कारण कळेना म्हणून त्या आजाराला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या बुरशीग्रस्त पेंडीपाशी पोचला. आपल्याकडे हेच विष मक्यातून येतं. खरिपाचा मका काढणीच्या वेळी पावसात सापडला, ओलावा चौदा टक्क्यांच्या वर राहिला आणि तसाच पोत्यात भरला की ॲस्परजिलस बुरशी कामाला लागते. यकृत पिवळं पडतं, चरबीने सुजतं, आणि पक्ष्याची प्रतिकारशक्ती घसरल्यामुळे लसही नीट लागत नाही. मिसूरी विद्यापीठात भारतीय संशोधकाच्या सहभागाने झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रॉयलर पिल्लांना किलोला १ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन असलेलं खाद्य दिलं. आपल्याकडची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ही मात्रा पन्नास पट झाली. त्याबरोबर काही गटांना अर्धा टक्का हळद पूड दिली. हळदीने यकृताचं नुकसान काही प्रमाणात कमी केलं. विष चिकटवून धरणारी माती हळदीसोबत दिली तेव्हा संरक्षण जास्त मिळालं.

हा चांगला, नीट रचलेला प्रयोग आहे, आणि त्याचा चुकीचा अर्थ काढणं सोपं आहे. आपल्याकडे लिव्हर टॉनिकचा एवढा खप का? आपला मका ओला असतो म्हणून. मका वाळवायचा ड्रायर घ्यायला पैसे नसतात, टॉनिकची बाटली मात्र दर आठवड्याला येते. हळद यकृताला हात देते, हे खरं. पण बुरशीचा मका घेऊन वर हळद घालणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून खाली बादल्या लावणं. ड्रायर, ओलावामापक आणि कोरडं कोठार या तीन गोष्टींवर खर्च करणाऱ्याला हळदीची गरज बरीच कमी भासेल. हळद उत्पादकांनी मला क्षमा करावी.

मिरचीबद्दल एक गोष्ट सांगतो, ती पोरांना फार आवडते. कोंबडीला मिरची तिखट लागत नाही. आपल्या जिभेवर तिखट ओळखणारा जो संवेदी रेणू असतो, तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. त्यांच्याच चमूने २००२ मध्ये कोंबडीतला तसाच रेणू तपासला. त्याला उष्णता कळते, पण मिरचीचा दाहक कॅप्सेसिन कळत नाही. राघू मिरच्या का फस्त करतो ते आजोबा-पणजोबांनी पाहिलं होतंच, कारण आता कळलं. पक्ष्याने फळ खावं आणि बी लांब नेऊन टाकावं, आणि दात असलेल्या उंदराने लांब राहावं, अशी मिरचीची योजना दिसते. खाद्यात मिरचीचा अर्क घातला तर कोंबडी बिनतक्रार खाते. भूक आणि पाचक रस यांवर त्याचा परिणाम होतो, असं काही प्रयोग सांगतात. शेडच्या कोठारात उंदीर कमी होतात का, हे कुणी तपासलं तर मला जरूर कळवा.

उन्हाळ्यासाठी आवळ्याबद्दल मला आशा आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात किंवा सोलापूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये पक्षी चोच उघडून धापा टाकत बसतो, खाणं टाकतो, आतड्याचं अस्तर सैल पडतं. कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात क जीवनसत्त्व बनवते, पण या ताणात ते अपुरं पडतं. आवळा त्या जागी बसतो, आणि त्यातली इतर ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यंही उपयोगी पडतात. लसूण, दालचिनी, लवंग, शेवगा, कडुनिंब, ओलं किराईत यांवरही काम झालं आहे. प्रत्येकाचं एकेक वाक्य सांगत बसत नाही. कडुनिंबाबद्दल एवढंच, की मात्रा जास्त झाली तर कडवटपणामुळे पक्षी खाद्य कमी खातो आणि वाढ मागे पडते. झाडाचं असलं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत वत्सनाभाच्या मुळीनेही खोटी ठरते आणि कण्हेरीच्या पानानेही.

आता पैशाचं बोलू, कारण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना तेच हवं आहे. पक्षी २.२ किलोचा, एफसीआर १.६५ धरला तर त्याने ३.६३ किलो खाद्य खाल्लं. टनाला पाच किलो हळद, भाव किलोला १५० रुपये धरू. टनाला ७५० रुपये झाले, म्हणजे पक्ष्यामागे सुमारे पावणेतीन रुपये. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर हा खर्च निघायला पक्ष्यामागे जवळजवळ ७० ग्रॅम खाद्य वाचायला हवं. एफसीआर १.६५ चा १.६२ व्हायला हवा. पाच हजारांच्या बॅचला साडेतेरा हजार रुपयांचा हा प्रश्न आहे.

तीन शतांशांचा हा फरक शेडमध्ये डोळ्यांनी दिसेल का? नाही दिसणार. त्याच शेडमध्ये, त्याच खाद्यावर डिसेंबरची बॅच आणि मेची बॅच यांत दहा-पंधरा शतांशांचा फरक पडतो. पिल्लं तरुण कोंबड्यांच्या अंड्यांतून आली की म्हाताऱ्या, पाण्यात किती क्षार होते, मजूर दोन दिवस सुट्टीवर गेला होता का, यांतल्या कशानेही तेवढा फरक पडतो. म्हणून ‘मागच्या बॅचला वापरलं, रिझल्ट मिळाला’ हे वाक्य मी पुरावा मानत नाही. ते म्हणणारा माणूस खरं बोलत असेल. त्याला रिझल्ट मिळालाच असेल, फक्त तो थंडीमुळे मिळाला असण्याची शक्यता हळदीपेक्षा जास्त आहे. पुरावा हवा तर एकाच शेडमध्ये, एकाच हॅचरीच्या पिल्लांचे निदान सहा-आठ खण एका खाद्यावर आणि तेवढेच दुसऱ्या खाद्यावर, चिठ्ठ्या टाकून वाटून, टाकलेलं आणि उरलेलं दोन्ही खाद्य तोलून घ्यावं लागतं. आणि हे एकदा करून भागत नाही, उन्हाळ्यात करावं, पावसाळ्यात करावं.

इथे एक अडचण येते, तिच्याकडे फार कमी लोक बोट दाखवतात. महाराष्ट्रातला बराच ब्रॉयलर शेतकरी आज कराराने पक्षी वाढवतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध आणि सुपरवायझरही कंपनीचा. शेतकऱ्याचं शेड, वीज, तूस आणि राबणं. किलोमागे ठरलेला वाढीचा दर त्याला मिळतो. खाद्यात काय पडतं हे त्याला सांगितलं जात नाही, आणि विचारलं तरी उत्तर मिळेलच असं नाही. तेव्हा वनस्पतिजन्य पूरकांचा निर्णय शेतकऱ्याचा उरलेलाच नाही. तो खाद्याच्या गिरणीत, आहारतज्ज्ञाच्या टेबलावर होतो. आणि ज्या प्रयोगाचं मी आत्ता वर्णन केलं तो करण्याची ताकदही त्यांच्याकडेच आहे, कारण त्यांच्याकडे शेकडो शेड आहेत आणि प्रत्येकाचा एफसीआर संगणकात आहे. एका खेडेगावातल्या दोन शेडवाल्याने स्वतः प्रयोग करून सत्य शोधावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

नियमांच्या बाबतीत युरोपातली परिस्थिती पवित्र आहे असंही समजू नका. तिथे ‘वाढ सुधारते’ असा दावा करून पूरक विकायचं तर निदान तीन प्रयोगांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक दाखवावा लागतो. हे खर्चिक आहे. मग अनेक वनस्पतिजन्य उत्पादनं चव आणि वासाचे पदार्थ म्हणून नोंदवली जातात, तिथे वाढ सिद्ध करावी लागत नाही. लेबलवर वास लिहिलेला असतो, विक्रेता तोंडाने वाढ सांगतो. आपल्याकडे निदान एवढीही नोंदीची शिस्त हवी होती.

आपल्याकडे दावा वेगळ्या दिशेने येतो, हे सगळं ‘आपल्या ग्रंथांत’ होतंच. हत्ती-घोड्यांच्या वैद्यकाचे ग्रंथ आपल्याकडे होते हे खरं. कुमाऊँच्या रुद्रदेवाने श्यैनिकशास्त्रात शिकारी ससाण्यांवरचे उपचारही सांगितले. या ग्रंथकारांच्या निरीक्षणाचं मला कौतुक आहे. पण चाळीस दिवसांत दोन किलो होणारा, दहा हजारांच्या कळपात तुसावर बसलेला, सोया खाणारा पक्षी त्यातल्या एकानेही पाहिला नव्हता. त्यांच्या साक्षीवर आजच्या पाकिटाची किंमत ठरवणं त्यांच्यावरही अन्याय करतं. शिवाय बाजारातली हळद म्हणजे शेतातली हळद नव्हे. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं भारतीय उपखंडात वारंवार उघड झाली आहेत. हर्बल भुकटी ओलसर गोदामात पडून राहिली तर तिच्यातच बुरशी धरते. यकृत वाचवायला घेतलेल्या पुडीतूनच अफ्लाटॉक्सिन यायला नको.

पूरक घेण्याआधी शेडमध्ये एक काम करा. पक्ष्याच्या उंचीला वाका आणि मिनिटभर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त झाला आहे. तूस पालटा, पडदे उघडा, पाण्याची गळकी निपल बदला. युक्का नावाच्या अमेरिकी वनस्पतीचा अर्क अमोनिया कमी करायला विकतात, त्याला थोडा आधारही आहे. पण ज्याचं पाणी तुसावर गळतं त्याला युक्का वाचवणार नाही. डेन्मार्कला अँटिबायोटिक सोडणं जमलं ते ओरेगानोमुळे नव्हे. तिथे दोन बॅचमध्ये शेड रिकामं ठेवून साफ करतात, पाणी स्वच्छ असतं, पिल्लं निरोगी आईबापांची असतात, आणि कॉक्सिडियाविरुद्धची औषधं त्यांनी सोडलेली नाहीत. एवढा पाया असेल तर वनस्पतिजन्य पूरक वरचे दोन-तीन शतांश मिळवून देऊ शकतं. पाया नसताना ते काहीच देत नाही, हा माझा निष्कर्ष आहे.

शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आणि मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत दरवर्षी वनौषधींवर पदव्युत्तर प्रबंध होतात. प्रत्येकाची हळद वेगळी, मात्रा वेगळी, खणांची संख्या वेगळी. त्यांची बेरीज करता येत नाही म्हणून ते कपाटात राहतात. पाचही महाविद्यालयांनी एकच आराखडा ठरवावा आणि करक्युमिन मोजलेली एकच हळद, थायमॉल मोजलेला एकच ओवा तिन्ही ऋतूंत तपासावा. निकाल काहीही आला तरी तो मराठीत छापावा. फायदा शून्य आला तर तेही छापावं. हे मी तिथल्या माझ्या मित्रांना जाहीरपणे सांगतो आहे.

आणि स्वतःचं खाद्य स्वतः बनवणारे जे इथे बसले आहेत त्यांना एक विनंती. पानाचं चित्र असलेलं पाकीट पुढे आलं की विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. यात कोणती वनस्पती आहे आणि तिचा मुख्य घटक ग्रॅमला किती? टनाला किती घालायचं आणि गोळीच्या वाफेत ते टिकतं का? कोणत्या पक्ष्यांवर, पूरक न दिलेल्या गटाशी तुलना करून तपासलं? तिन्ही उत्तरं लेखी मिळाली तर जरूर वापरून बघा. नाही मिळाली तर पाकीट परत करा आणि ते पैसे मक्याच्या ओलावामापकात घाला.